बिघडलेल्या गवतातून आलेली गोळी

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, गोळ्यांच्या डबीत, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांशेजारी आणखी एक अगदी लहानशी गोळी असते. कधी ती अर्धी घ्यायची असते, कधी पाऊण. कधी सोमवारी आणि गुरुवारी एक व इतर दिवशी अर्धी. तिच्यासाठी बहुधा एक स्वतंत्र वही असते आणि त्या वहीत तारीख, मात्रा व ‘आयएनआर’ नावाचा एक आकडा लिहिलेला असतो. वॉरफरिन किंवा तिचीच सख्खी बहीण म्हणता येईल अशी ॲसेनोकुमॅरॉल, ही ती गोळी. बोलीत आपण तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो. खरे पाहता तिने रक्त मुळीच पातळ होत नाही. ते गोठायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो, इतकेच.

आमच्या एक मावशी आहेत. लहानपणी झालेल्या सांधेतापाने त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली आणि पन्नाशीत तिथे कृत्रिम झडप बसवावी लागली. रात्री घर शांत झाले की त्या झडपेची टिकटिक शेजारी बसलेल्यालाही ऐकू येते. गेल्या वर्षी एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांना मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला आणि म्हणाले, “मावशी, अहो, तुम्ही रोज घेता ते तर उंदीर मारायचं औषध आहे!” मावशींनी कुणालाही न सांगता गोळी बंद केली. नऊ दिवस काही झाले नाही. दहाव्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांना शब्दच सुचेनात, उजव्या हातातला कप निसटला. वीसेक मिनिटांत वाचा परत आली, हातही हलू लागला. परंतु त्या वीस मिनिटांत घरच्यांचे जे झाले ते सांगण्यासारखे नाही. रुग्णालयात आयएनआर पाहिला, तर तो जवळजवळ गोळी न घेणाऱ्या माणसाइतका खाली आला होता.

त्या गृहस्थांनी सांगितलेली माहिती खोटी नव्हती. वॉरफरिन हे उंदरांचे औषध म्हणून खरोखरच विकले गेले आहे. पण अर्धी माहिती गोळी बंद करायला पुरते आणि उरलेली अर्धी सांगायला कुणाजवळ वेळ नसतो. ती उरलेली अर्धी हकिगत इथे सांगायची आहे. ती घडली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मॅडिसन या गावी.

१९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या थंड मुलखातली गुरे विचित्र रीतीने मरू लागली. शिंगे कापली, खच्चीकरण केले, की रक्त थांबतच नसे. काही जनावरांना तर जखमही नसे. आतल्या आत रक्तस्राव होऊन ती कोसळत. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी १९२२च्या सुमारास कारण हुडकले. मेथी आणि लसूणघास यांच्याच गोतावळ्यातली ‘स्वीट क्लोव्हर’ नावाची वनस्पती तिकडे वैरण म्हणून वाळवून साठवीत. ती ओली राहून तिच्यावर बुरशी चढली की विषारी होई. त्यांनी एकाच गंजीतल्या चांगल्या काड्या एका सशाला आणि बुरसटलेल्या दुसऱ्याला घातल्या. पहिला जगला, दुसरा रक्तस्रावाने मेला. पुढे नॉर्थ डकोटातील ली रॉडरिक यांनी दाखवले की अशा गुरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हा गोठण्यास आवश्यक घटक कमी झालेला असतो आणि निरोगी जनावराचे ताजे रक्त चढवल्यास गुरे वाचतात. पण बुरसटलेल्या गवतात नेमके काय आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. ज्यांनी कडबा पावसात भिजलेला पाहिला आहे त्यांना त्या शेतकऱ्यांची अडचण सांगायला नको. मंदीचे दिवस होते. दुसरी वैरण विकत घेण्याची ऐपत नव्हती.

१९३३च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी विस्कॉन्सिनमधील डीअर पार्क भागातला एक शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकीत मॅडिसनला पोहोचला. गाडीत एक मेलेली कालवड होती, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त होते, आणि ४५ किलोच्या आसपास बुरसटलेली वैरण. त्याला सरकारी पशुवैद्याकडे जायचे होते, पण ते कार्यालय बंद होते. म्हणून तो जे दार उघडे सापडले त्यातून आत शिरला. ते दार जीवरसायनशास्त्र विभागाचे होते. आत कार्ल पॉल लिंक हे प्राध्यापक होते.

लिंक मूळचे साखरांच्या रसायनशास्त्राचे माणूस. खांद्यावर झगा टाकून हिंडणारे, मोठ्याने मते मांडणारे, विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना फारसे न मानणारे. त्या दिवशी मात्र त्यांच्यापाशी त्या शेतकऱ्याला द्यायला नवे काहीच नव्हते. ही वैरण बंद करा, जमल्यास निरोगी जनावराचे रक्त चढवा, एवढेच ते सांगू शकले. शेतकरी तसाच परत गेला. मागे राहिले ते दुधाचे कॅन. लिंक यांचे एक ज्येष्ठ विद्यार्थी विल्हेल्म शॉफेल, मूळचे जर्मनीचे, त्या कॅनमध्ये हात बुडवून रक्त चोळत राहिले. इतक्या दुरून, अशा हवेत आलेल्या माणसाला आपण रिकाम्या हाताने पाठवले, याचा त्यांना मनस्वी त्रास झाला होता. लिंक यांनी पुढे अनेक वर्षांनी हा प्रसंग स्वतःच सविस्तर लिहून ठेवला आहे. उत्तम गोष्ट सांगणाऱ्या माणसाने सांगितलेली गोष्ट म्हणून तिच्यातला रंग थोडा कमी करून घ्यावा हे बरे. परंतु कॅन आले होते आणि त्यातले रक्त गोठत नव्हते, यात शंका नाही.

त्यानंतर सहा वर्षे गेली. ही सहा वर्षे कशी गेली असतील याचा विचार, वाचकहो, आपण अवश्य करावा; कारण ‘शोध लागला’ या दोन शब्दांत ती नाहीशी होतात. गवतातले विष वेगळे काढायचे, तर आधी ते कुठे आहे हे कळायला हवे. रंग नाही, वास नाही, वजनकाट्यावर दिसेल एवढे प्रमाणही नाही. ते ओळखण्याची एकच खूण होती, ती म्हणजे जिवंत प्राण्याच्या रक्तावर होणारा परिणाम. म्हणून ससे पाळले गेले. गवताचा अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, एकेक भाग सशाला द्यायचा, मग त्याचे थोडे रक्त घेऊन ते किती सेकंदांत गोठते ते घड्याळ लावून मोजायचे. सगळे ससे एकसारखे नसत. एकाच मात्रेने कुणाचे रक्त फार मंदावे, कुणाचे जेमतेम. तेव्हा ज्यांचा प्रतिसाद भरवशाचा आहे असे ससे निवडून ठेवावे लागले. शिवाय परिणाम लगेच दिसत नसे. आज दिलेल्या अर्काचे उत्तर उद्या-परवा मिळे.

इथे क्षणभर थांबून आपल्या वहीकडे पाहा. डॉक्टर मात्रा बदलतात आणि ‘चार-पाच दिवसांनी रक्त तपासा’ असे सांगतात. उद्याच का नाही, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर मॅडिसनच्या सशांनीच दिले होते. गोळी रक्तात आधीपासून असलेल्या गोठणघटकांना हात लावत नाही. ती फक्त यकृतात नवे घटक पूर्णपणे तयार होऊ देत नाही. जुने घटक हळूहळू संपतात. त्यांतल्या प्रोथ्रॉम्बिनला निम्मे व्हायलाच अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून काल घेतलेल्या गोळीचा हिशेब आज लागत नाही. म्हणूनच मावशींनाही पहिले काही दिवस ‘काही झाले नाही’ असे वाटले.

ही सशांची चाचणी बसवण्याचे आणि अर्क शुद्ध करीत जाण्याचे काम हॅरोल्ड कॅम्पबेल या विद्यार्थ्याकडे होते. २८ जून १९३९च्या पहाटे, रात्रभर काम केल्यावर, त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसले. ते सगळे मिळून काही मिलिग्रॅम भरले. सकाळी लिंक आले तेव्हा कॅम्पबेल जुन्या कोचावर झोपले होते आणि त्यांचा मदतनीस प्रयोगशाळेतल्याच अल्कोहोलने आनंद साजरा करीत होता. तसे करू नये, हे आरोग्यविषयक पाक्षिकाने सांगितलेच पाहिजे! पण काचसामान धुणाऱ्या, ससे सांभाळणाऱ्या माणसालाही ती पहाट आपली वाटावी, यातून त्या प्रयोगशाळेबद्दल काही कळते.

मिलिग्रॅमने भागणार नव्हते. मग मार्क स्टाहमान यांनी मोठ्या प्रमाणावर अर्क काढण्याचे कंटाळवाणे काम अंगावर घेतले आणि काही महिन्यांत सुमारे १.८ ग्रॅम शुद्ध पदार्थ जमवला. तेवढ्यावर चार्ल्स ह्युबनर आणि ते मिळून त्या पदार्थाचे तुकडे करीत त्याची रचना उलगडू लागले. १ एप्रिल १९४० रोजी तोच पदार्थ त्यांनी कृत्रिम रीतीने तयार केला आणि तो गवतातल्या पदार्थाशी हुबेहूब जुळला. रहस्य असे होते : वाळत्या गवताला जो गोड सुवास येतो तो कुमारिन या द्रव्याचा. कुमारिन स्वतः रक्त गोठणे थांबवीत नाही. बुरशी त्याच्यात बदल करते आणि असे दोन बदललेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन विष तयार होते. त्याचे नाव डायकुमारॉल ठेवले गेले.

१९४१मध्ये मॅडिसनच्या विद्यापीठ रुग्णालयात आणि मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी ते माणसांवर वापरून पाहिले. जे गुरांचा जीव घेत होते तेच, मोजून दिले तर, शिरांत गाठी होऊ पाहणाऱ्या रुग्णाला उपयोगी पडत होते. ‘मोजून दिले तर’ या तीन शब्दांवर मात्र सगळी भिस्त.

लिंक यांच्या प्रयोगशाळेची आणखी दोन कामे आपल्या घराशी थेट संबंधित आहेत. पहिले काम जीवनसत्त्व ‘के’चे. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांतून हे जीवनसत्त्व ओळखले होते. गोठण्याच्या जर्मन-डॅनिश शब्दातील आद्याक्षरावरून त्याला ‘के’ म्हणतात. डायकुमारॉलने मंदावलेले रक्त जीवनसत्त्व ‘के’ दिल्याने पूर्वपदावर येते, असे लिंक यांच्या मंडळींना दिसले. आजही आयएनआर फार चढला आणि रक्तस्राव होऊ लागला, तर रुग्णालयात जे देतात त्यांत हे जीवनसत्त्व असतेच. ते घरी आपल्या मनाने घ्यायचे नाही.

हेच जीवनसत्त्व आपल्या ताटात असते. पालक, मेथी, अळू, शेपू, कोथिंबीर, कोबी, सगळ्या हिरव्या पाल्यात ते आहे. म्हणून कित्येक घरांत गोळी सुरू होताच पालेभाजी बंद होते. हे चूक आहे आणि आम्हांला ते आजीआजोबांवर अन्यायाचेही वाटते. भाजी बंद करायची नाही. तिचे प्रमाण आठवड्यागणिक साधारण सारखे ठेवायचे आहे. गोळीची मात्रा आपल्या नेहमीच्या जेवणाशी जुळवलेली असते. एखादा महिना रोज पालकाचे सार आणि पुढचा महिना नुसता भात, असे झाले की तो मेळ मोडतो. श्रावणातले उपास, जुलाब, ताप, आठ दिवस जेवण न जाणे, यांनीही आयएनआर वर जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांना कळवून तपासणी थोडी आधी करून घ्यावी.

दुसरे काम ॲस्पिरिनसंबंधीचे. डायकुमारॉलचे रासायनिक तुकडे करताना त्यातून सॅलिसिलिक आम्ल निघते, असे या मंडळींच्या ध्यानात आले. ॲस्पिरिनही शरीरात गेल्यावर सॅलिसिलिक आम्लच होते. त्यांनी ते उंदरांना देऊन पाहिले आणि प्रोथ्रॉम्बिन उतरल्याचे १९४३मध्ये प्रसिद्ध केले. ॲस्पिरिन रक्तबिंबिकांना निष्क्रिय करून रक्त गोठणे मंदावते, हा त्याचा मुख्य परिणाम पुढे वेगळ्या संशोधनातून कळला. आपल्यासाठी अर्थ एवढाच, की गुडघा दुखला म्हणून औषधाच्या दुकानातून ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून ही गोळी चालू असताना घेऊ नये. काहींना हृदयतज्ज्ञांनीच दोन्ही विचारपूर्वक दिलेले असते. त्यांनी ते आपल्या मनाने बंदही करू नये. जुलाबावरचे मेट्रोनिडॅझोल, बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल, सल्फा गटातले कोट्रायमॉक्साझोल ही तर आयएनआर चढवणारी नित्याची औषधे. काढे, चूर्णे, लसणीच्या गोळ्या यांचाही उल्लेख डॉक्टरांसमोर करावा. त्यात संकोच कसला?

आता उंदरांकडे वळू. १९४२-४३मध्ये लिंक यांच्या प्रयोगशाळेत डायकुमारॉलशी साम्य असलेले सुमारे दीडशे पदार्थ बनवले गेले, त्यांना क्रमांक दिले गेले. ४२ क्रमांकाचा पदार्थ मियोशी इकावा यांनी तयार केला होता. १९४५मध्ये फुप्फुसाच्या आजाराने लिंक यांना आरोग्यधामात महिनोन्‌महिने पडून राहावे लागले. पडल्या पडल्या त्यांनी उंदीर-निर्मूलनाचा इतिहास वाचून काढला आणि त्यांच्या मनात आले की आपल्याच यादीत याचे औषध असेल. डायकुमारॉल उंदरांवर फार मंद ठरले होते; क्रमांक ४२ प्रभावी निघाला. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विद्यापीठाच्या निधी-संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांना ‘कुमारिन’चे शेपूट जोडून त्याला वॉरफरिन हे नाव मिळाले. १९४८पासून ते उंदरांसाठी विकले जाऊ लागले. पैसा देणाऱ्याचे नाव राहिले; ससे सांभाळणाऱ्यांचे, पहाटेपर्यंत जागणाऱ्यांचे राहिले नाही. जगाची रीतच तशी आहे, पण आम्हांला ते खटकते.

साहजिकच असे औषध माणसाला द्यायला डॉक्टर कचरत होते. १९५१मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एका तरुणाच्या पोटात हे उंदरांचे औषध पुष्कळ प्रमाणात गेले. त्याला रक्त आणि जीवनसत्त्व ‘के’ देण्यात आले आणि तो पूर्ण बरा झाला. विषाला उतारा आहे हे अशा रीतीने सिद्ध झाले. १९५४मध्ये वॉरफरिनला माणसांसाठी मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांच्या उपचारांत ते होते.

गंमत अशी, की ही गोळी नेमके काय करते हे कळायला आणखी दोन तपे लागली. आणि तेही बरेचसे मॅडिसनच्या त्याच विभागात, जॉन सटी यांच्या प्रयोगशाळेत. १९७८मध्ये त्यांच्या गटाने मांडले ते सोप्या शब्दांत असे : शरीर जीवनसत्त्व ‘के’ एकदा वापरले की टाकून देत नाही, तर पुन्हा वापरण्याजोगे करून घेते. हे काम करणाऱ्या विकराला वॉरफरिन अडवते. वापरलेले ‘के’ तसेच पडून राहते आणि गोठणघटक अर्धेकच्चे बाहेर पडतात. उंदरात हेच घडते आणि आपल्यातही हेच घडते. फरक आहे तो मात्रेचा आणि तपासणीचा. उंदराचा आयएनआर कुणी तपासत नाही.

तपासणीचा तो आकडा म्हणजे सशांच्या घड्याळाचेच सुधारलेले रूप. पूर्वी एकाच रक्ताचे दोन प्रयोगशाळांत दोन वेगळे निकाल येत, कारण चाचणीची रसायने वेगवेगळी असत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३मध्ये आयएनआरची पद्धत आणली, तेव्हापासून जगभरचे आकडे एका मापात आले. गोळी न घेणाऱ्याचा आकडा एकच्या आसपास असतो. हृदयाची लय बिघडलेल्या बहुतेक रुग्णांत तो दोन ते तीन ठेवतात. काही कृत्रिम झडपांसाठी थोडा अधिक. आपला आकडा कोणता असावा हे आपल्या डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे.

अलीकडे ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान अशी नवी औषधे आली आहेत. त्यांना आयएनआर लागत नाही आणि लय बिघडलेल्या अनेकांना ती सोयीची पडतात. मात्र धातूची किंवा तत्सम कृत्रिम झडप असलेल्यांना ती चालत नाहीत. सांधेतापाने झडप बरीच अरुंद झालेल्यांनाही जुनीच गोळी लागते, आणि आपल्या देशात असे रुग्ण पुष्कळ आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली, १९९०मध्ये प्रथम बसवली गेलेली भारतीय झडपही रोजच्या या गोळीच्या आधारावरच चालते.

घरातल्या सांभाळणाऱ्यांसाठी थोडे. गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट घेऊ नये, वहीत नोंद करावी. दात काढण्यापूर्वी, कोणत्याही इंजेक्शनपूर्वी गोळीचे नाव सांगावे. शौचाला डांबरासारखे काळे होणे, लघवी लाल होणे, हिरड्यांतून वा नाकातून न थांबणारे रक्त, कारण नसता अंगभर काळेनिळे डाग, ही रुग्णालयात जाण्याची कारणे होत. आणि डोक्याला मार लागला, तर बाहेर खोक नसली आणि माणूस ‘मला काही झाले नाही’ म्हणत असला, तरी त्याला त्याच क्षणी घेऊन जावे. उलट तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, हे काही मिनिटांत बरे झाले तरी थांबू नये.

मावशींना ही सारी हकिगत, दुधाच्या कॅनपासून, एका दुपारी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “आणि त्या शेतकऱ्याच्या बाकीच्या गुरांचं काय झालं?” याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. त्यांनी वही उघडली, त्या दिवसाच्या तारखेपुढे ‘अर्धी’ असे लिहिले आणि पाण्याचा पेला मागितला.